निळा झेंडा उतरवायचा कोणी

मु. किन्हीराजा, ता. वाशीम, जि. अकोला
१९ मार्च १९७८

चिरंजीव श्रावण यास काका भिवाजीचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे तुझी माय भागिरथा, तुझी काकू विमलबाई आणि दोन्ही बैलं खुशाल आहेत. तुझी खुशाली तू दर पत्रात एका ओळीत लिहितो, ती मिळाली. तुझ्या मुंबईच्या त्या कॉम्प्युटर मशीनले मात्र माझा जयभीम सांगू नको. तिच्यावर माझा राग आहे, आणि त्यातला अर्धा तुझ्यावर.

मागच्या सुट्टीत तू आला, तवा विहाराचं बांधकाम नुकतंच माझ्या गळ्यात पडलं होतं. भीमजयंतीले दार उघडायचं ठरलेलं. त्यात तू चार माणसांत बोलून गेला की, विहाराचं दार बसलं की कळवा, मी येतो. म्हणजे दारासंगं तुझं येणंही माझ्याच गळ्यात. मग ओट्यावर बसून तू मले शिकवलं, की आमचं मशीन एका डोक्यानं कितीतरी कामं चालवते, एकेका कामाले आमी धागा म्हणतो, कोणता धागा चालू आहे, कोणता वाट पाहून राह्यला, कोणता संपला, हे तपासत राहा लागते. काका, तुमीही तसंच करा. (शिकलेल्या पुतण्याचं ऐकावं, असं मले वाटलं. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.)

मी तपासू लागलो. भिंतीवर इंद्रभान गवंडी, स्वतःच्या अंगणात देवमन सुतार, चुन्याच्या रंगाले बेबीताई. इंद्रभानले विचारावं, काम चालू आहे काय. तो थापी ठेवे, हात धुवे, तंबाखू मळे आणि मग सांगे, चालू आहे. आता तूच सांग, जो माणूस तंबाखू मळून राह्यला त्याचं काम चालू कसं? मी विचारलं म्हणून थांबलं, आणि थांबून तो सांगते चालू आहे. देवमनकडं गेलो की तो रंधा ठेवून चहा मांडायले लावे. (मशीन चहा पाजत नाही, हा तुमचा फायदा.) बेबीताईनं तर तोंडावर सांगितलं, "भिवाजीदादा, तुमी इचारणं बंद करा, म्हंजे काम सुरू होईन."

मग मी डोकं चालवलं. विचारायचंच नाही, लांबून पाहायचं. मागच्या जयंतीचं निळं कापड पेटीत उरलं होतं. त्याचे झेंडे शिवले (विमलबाईनं शिवले, मी सुई ओवून दिली) आणि तिघांले वाटले. काम चालू असलं की काठीवर लावा, थांबलं की उतरवा. लागले बाबू झेंडे. सकाळी तोंड धुवावं, मान वर करावी, जिकडंतिकडं चालू. काय बरं वाटे म्हणून सांगू. आल्यागेल्याले ओट्यावर बसवून दाखवलं. वाशीमच्या बाजारात सांगून आलो, की काम कसं तपासतात ते आमच्या गावात येऊन पाहा.

परवा विमलबाई म्हणाली, "झेंडे तर फडफडून राह्यले, पण ठोकठोक काहून आयकू येत नाही?" मी म्हटलं, वारा उलटा असन. पण मनात पाल चुकचुकली, गेलो. पाहतो तर भिंत कमरेएवढी, दाराच्या जागी भगदाड, आणि सावलीत इंद्रभान घोरून राह्यला. म्हणे, देवमननं चौकट देल्ली की तिच्या मापानं भिंत उचलतो. देवमनकडं गेलो, तो पोरीची वेणी घालत बसलेला. म्हणे, इंद्रभाननं जागा देल्ली की तिच्या मापाची चौकट करतो. दोघांची वाट पाहून बेबीताईचा चुना घट्ट झालेला. आणि तिघांवर झेंडे डौलात.

मी तडकलो. म्हटलं, काम बंद होतं तर झेंडा काहून नाही उतरवला? इंद्रभाननं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच धर्म सोडला. "दादा, निळा झेंडा मी उतरवू? घ्या शिडी. तुमी उतरवा."

चढलो. खाली माणसं जमली. काठीपर्यंत हात गेला आणि तिथंच राह्यला. श्रावण, ज्याच्याखाली उभं राहून आमी ताठ मानेनं चालायले शिकलो, तो हातानं खाली कसा ओढू? झेंड्याची सुरकुती सारखी केली, जयभीम केला आणि उतरलो. कोणी हसलं नाही, हे त्याहून वाईट.

आता तू म्हणशील, रंग कोणी निवडला. अरे, पेटीत दुसरं कापडच नव्हतं. पण खूण एकदा लागली की ती खोटीही होऊ शकते, तिलेही जाऊन तपासा लागते, हे मशीनवाल्यानं पहिले सांगायले नको? शेवटी आपल्याच घराच्या दाराचं माप सुतळीनं घेतलं आणि दोघांले सारखी सुतळी तोडून देल्ली. विमलबाई म्हणते, आपलं दार ठेंगणं, विहारात साऱ्यांले वाकून जा लागन. मी म्हटलं, विहारात वाकूनच जातात.

तुझा रागावलेला काका,
भिवाजी

ता. क. वर खुशाल लिहिलं तवा तुझी माय समोर बसली होती. त्यातली बैलं खरोखर खुशाल आहेत. तुझ्या मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. अकोल्याले ऑपरेशन सांगितलं, तर म्हणते, श्रावण आला की जाईन. आणि तू म्हणतो, दार बसलं की येईन. तिले झेंडे दिसत नाहीत, म्हणून रोज सकाळी मले विचारते, दार कुठपर्यंत आलं, आणि मी वर पाहून सांगत होतो, चालू आहे. तू दाराची वाट पाहू नको. ये.

ता. क. दुसरा. पत्र तिले वाचून दाखवलं, वरचा ता. क. सोडून. ती मनापासून हसली. मग म्हणाली, "भिवाजी, त्याच्या खुशालीले तरी कोणी जाऊन पाह्यलं काय?"