आम्हाला कासाब्लांकात नऊ तास आहेत

३ नोव्हेंबर, सोमवार
चैत्रालीचा मेसेज. दोन वर्षांच्या रिसर्चसाठी ती इथून, सिंगापूरहून, लिस्बनला चाललीय हे माहीत होतं. वाटेत मोरोक्कोत थांबा आहे हे आज कळलं. शब्दशः: ‘क्षितिज, आम्हाला कासाब्लांकात नऊ तास आहेत. तुझ्याइतका काटेकोर माणूस दुसरा नाही. प्लॅन करून दे ना.’
‘आम्हाला’ चुकलंय. ‘आपल्याला’ हवं. ती इंग्लिश मीडियमची, आम्ही-आपणमध्ये गोंधळ होणारच. दुरुस्त करून परत पाठवणार होतो. पण अशा वेळी व्याकरण काढू नये.

४ नोव्हेंबर
रूममेट सौमित्रला मेसेज दाखवला. म्हणाला, राजे, यात तुम्ही कुठे आहात? म्हणालो, व्याकरणाआड. तो हसत हसत मासे आणायला गेला.
डिप्लोमा मी अर्धवट सोडला, पण शुद्धलेखनात शाळेत पहिला होतो. सौमित्र एम.टेक. असून ‘आशिर्वाद’ लिहितो. मंडळाच्या गणपतीचा फलक मी तपासला तेव्हाच चैत्राली म्हणाली होती, किती नीटस आहेस रे तू! असं कोणी उगाच म्हणत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
प्लॅन तयार. दुपारी विमानतळावरून ट्रेनने गावात. जुना बाजार. समुद्रालगतची मोठी मशीद (आत गाइडबरोबरच सोडतात, वेळा पाहून ठेवल्या). पुदिन्याचा चहा. मग समुद्रकाठ, सूर्यास्त, आणि पुढे ‘राखीव: पंधरा मिनिटं’. यात विचारायचं. होकार आला तर वेळ वाढवता येईल, म्हणून परतीची ट्रेन एक आधीची धरलीय. पुढे ती लिस्बनला, मी होकार घेऊन परत सिंगापूरला, हौगांगच्या फ्लॅटवर.
संकल्प: रोज आरशासमोर सराव.

१० नोव्हेंबर
सराव उद्यापासून. आरसा सौमित्रच्या खोलीत आहे.

१४ नोव्हेंबर
प्लॅन वाचून चैत्राली म्हणाली, वेडा आहेस तू! म्हणाली, प्रणवलाही आवडला. प्रणव म्हणजे तिचा कोणी मित्र, इथेच तांजोंग पगार भागात फायनान्समध्ये. बरं झालं. त्रयस्थाने तपासलेलं चांगलं असतं.

१७ नोव्हेंबर
‘तिकिटं झाली!’ असा मेसेज. अनेकवचन. माझ्या पासपोर्टचा फोटो तिने न मागताच मी पाठवला होता, तिने अंगठा दाखवला होता. सौमित्रला सांगितलं. या वेळी हसला नाही. म्हणाला, भावा, एकदा विचारून घे. विचारणार आहेच. कासाब्लांकात.
रजा मागितली. बॉस म्हणाले, लोकांचे लॅपटॉप कोण चालू करून देणार? म्हणालो, लॅपटॉप थांबतील.

२० नोव्हेंबर
पुदिन्याचा चहा करून पाहिला. सौमित्र म्हणाला, चटणी पातळ झालीय. नवे बूट चावतात. तिकडे चावणार नाहीत, हवा कोरडी आहे.

२५ नोव्हेंबर
मोरोक्कोचा व्हिसा मिळाला! सीट नंबर विचारावासा वाटला. विचारला नाही. अविश्वास दिसतो.
सराव राहिलाच. विमानात करता येईल. नाही, शेजारी तीच असेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
चांगी विमानतळावर वेळेआधी पोचलो. चैत्राली आली. बरोबर प्रणव. एकाच ट्रॉलीवर दोघांच्या बॅगा. अय्या, सोडायला आलास? किती गोड रे, असं म्हणाली. प्रणव म्हणाला, प्लॅनबद्दल थँक्स यार, आणि ही बॅग? म्हणालो, तुमच्यासाठी खाऊ. म्हणाला, मग उघड की! म्हणालो, कुलपाचा नंबर विसरलो.
चैत्राली बॅगेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, क्षितिज, तो पासपोर्टचा फोटो... म्हणालो, चुकून गेला होता गं.
तिने ट्रॉली पुढे ढकलली. प्रणव हात हलवत होता, म्हणून मीही हलवला.
एमआरटी मेट्रोने परत. बॅगेची चाकं खरंच चांगली आहेत.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळ
रजा रद्द होत नाही म्हणे. घरीच आहे. बूट आता चावत नाहीत.
चैत्रालीचा मेसेज: ‘तुझ्या त्या राखीव पंधरा मिनिटांत प्रणवने मला विचारलं. मी हो म्हटलं. एक ट्रेन सोडून दिली, तरी वेळेत पोचलो. आम्ही खूप आनंदात आहोत.’
पुन्हा वाचला. आम्ही.
बरोबर आहे. दुरुस्त करण्यासारखं काही नाही.