धुरीची आज्ञा

३ फेब्रुवारी, सोमवार
नोकरी सुरू! दिंडोरी रस्त्यावर द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर. पंचवटीतून स्कूटीवर येताना दोन्ही बाजूंना बागा, गार वारा. मालक किशोरभाऊंनी पेढा दिला. द्राक्षं निवडणाऱ्या पेठकडच्या नवसाबाईंनी आपली नागलीची भाकरी अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. मला पोरी म्हणतात.
कॉम्प्युटर लिनक्सचा. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा. प्रोग्रामचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचं, एंटर दाबायचं, की तो चालू.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मजा येतेय. दोनचार अक्षरं लिहून टॅब दाबलं की त्या अक्षरांचे सगळे प्रोग्राम समोर येतात. ‘व्हिच’ लिहून नाव दिलं की तो कुठे ठेवलाय ते कळतं. पंखे, दिवे, दारं, सगळ्यांचे वेगळे प्रोग्राम. असाच आज एक सापडला: धुरी. गॅसच्या नळ्या बघणारे सावळीराम म्हणाले, द्राक्षांना बुरशी लागू नये म्हणून हा प्रोग्राम खोलीचं दार लावतो, बाहेरून कडी पडते आणि आत गंधकाचा धूर सुटतो. आत कुणी नाही हे ते स्वतः बघतात. त्यांनी सांगितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
जेवणाची सुट्टी होती. सगळे बाहेर आहेत असं वाटलं. धुरी लिहून एंटर दाबलं. नुसतं बघायला. ‘नक्की का?’ असं विचारेल, मग नाही म्हणू. त्याने काहीच विचारलं नाही. पडद्यावर एक अक्षर नाही. चालला नसेल म्हणून पुन्हा लिहून एंटर दाबलं.
काम बिनबोभाट झालं की हा कॉम्प्युटर गप्प बसतो, हे मला आता कळतंय.
दारावर धपाधप आवाज येत होता. पेट्या ठोकत असतील असं वाटलं.
नवसाबाई आत सांडलेले द्राक्षांचे मणी वेचत होत्या.

११ फेब्रुवारी
नवसाबाई गेल्या. सावळीरामांनी नळी उघडी टाकली असं सगळे म्हणतात. किशोरभाऊंनी मला विचारलं. मी काही चालवलं नाही, असं मी म्हणाले. किती सहज म्हणाले मी. पोलीस सावळीरामांना घेऊन गेले.
मी धुरी पुसून टाकला. ‘व्हिच’ने शोधला. कुठेच नाही.

१४ फेब्रुवारी
सावळीरामांची बायको कुसाबाई फाटकाशी बसून असते. आज मला म्हणाली, “ताई, तुमच्या मशिनीत दिसत असंल ना? माझा माणूस असा नाय.”
दिसत नाही, मी म्हणाले.
परत येऊन चालू प्रोग्राम बघितले. धुरी चालू होता. पुसलेला. जाऊन बघितलं. खोली रिकामी, वास नाही. पण दाराच्या काचेवर आतल्या बाजूला, दवात— हातांचे ठसे. खालपर्यंत ओघळलेले.

१५ फेब्रुवारी
बंद केला. पुन्हा चालू. बंद केला. पुन्हा—
आत कुणी खोकतंय. फक्त मलाच ऐकू येतं.

१७ फेब्रुवारी
आज त्याच खोलीत नव्या बाया कामाला लावल्या. किशोरभाऊंच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. सांगणार तरी काय—
पडद्यावर अक्षरं उमटतायत. मी कळांना हात लावलेला नाही. धु— पुसलं. पुन्हा. धुरी. पुसलं—

थोड्या वेळाने
ओरडत गेले. हात धरून सगळ्यांना बाहेर ओढलं. बाया चिडल्या. तिथेच, आरडाओरडा ऐकून फाटकाकडून आलेल्या कुसाबाईसमोर बोलले— धुरी मी चालवला होता, सावळीरामांनी नाही.   किशोरभाऊंनी पोलिसांना फोन लावलाय.
तेवढ्यात दार आपोआप लागलं. नळ्या सूं करू लागल्या. धूर खरा आहे, सगळ्यांचे डोळे झोंबतायत—
नव्या बायांतली रंगूबाई म्हणते, आम्ही सगळ्या बाहेर आलो, आत कुणी नाय.
आहे. काचेला तळवा टेकलाय. ‘पोरी’ म्हणतायत—
माझा डावा हात धरून ठेवलाय सगळ्यांनी, उजव्याने लिहितेय. हात सुटला की जाईन, कडी बाहेरून वरच आहे, एवढीशी सरकवली की नवसाबाई बाहेर ये—