पट्टा थांबला, करवत नाही

मी, हार्लन टेवेट, वय सदुसष्ट, टॅमरॅक क्रीकच्या लाकूडगिरणीचा निवृत्त प्रोग्रामर, डोकं शाबूत असताना आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवतो. माझी आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी खोटं लिहिलं होतं.

१. सुतारकामाची हत्यारं बहीण इंगाला. तिच्या नवऱ्याने त्यांना हात लावायचा नाही. गाढवाने माझ्या रंध्याने पायरीवरचा बर्फ खरवडला होता.

२. मोठा पाना वितळवून टाकावा. का, ते सांगतो.

गिरणीची यंत्रं चालवणारा प्रोग्राम माझा. आमच्या एफ-शार्प या संगणकाच्या भाषेत आज्ञेआधी तिच्या मालकाचं नाव लिहायचं असे: करवत.थांबव, पट्टा.थांबव (पट्टा म्हणजे फळ्या करवतीकडे नेणारा). पुढे फाइलच्या माथ्यावर 'ओपन टाइप'ची ओळ घालून ते नाव गाळायची सोय आली. मी तिच्यावर भाळलो. त्या ओळींत करवत आधी उघडली, पट्टा नंतर, आणि खाली नुसतं 'थांबव' लिहिलं. दोघांकडे ती आज्ञा एकसारखीच होती. अशा वेळी नंतर उघडलेल्याची चालते.

करवतीवरच्या डेझमंड पाकेटने अडकलेली फळी काढण्याआधी 'थांबव'चं तांबडं बटण दाबलं. पट्टा थांबला. करवतीने त्याचा हात खांद्यातून तोडला. भुशाचा लाल चिखल झाला आणि तो माझ्या मांडीवर मेला.

चौकशीवाले येण्याआधी मी गाळलेली नावं परत लिहून ठेवली. मग ठपका आला लाइल हॅस्किन्सवर, कारण प्रोग्राम यंत्रावर त्याने चढवला होता. दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना मी 'खुन्या!' म्हणत त्याला या पान्याने हाणलं. जबडा मोडला, दात सॅंडविचच्या ताटात पडले. चोराच्या उलट्या बोंबा. अकरा वर्षं तो स्वतःला खुनी समजतोय. मला माझी किळस येते.

३. घर लाइलला.

कलम तीन रद्द. आज लाइलला बोलावून, शेजारीण मेबलसमोर, वरचं सगळं वाचून दाखवलं. त्याने जबड्यावरून हात फिरवला.

"अकरा वर्षं मी एका बाजूने चावतोय, हार्लन. आणि तू मला स्वयंपाकघरासकट घर देतोस होय रे?"

"मग मार मला. पाना तिथंच आहे."

"मारून तुला मोकळा करू? साक्षीदार कोण कोण?"

"मेबल. दुसरा शोधायचाय. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही."

"मग पेन दे इकडे."

घर डेझमंडच्या मुलीला, ओडीलला द्यावं.

टॅमरॅक क्रीक, ब्रिटिश कोलंबिया. ९ ऑक्टोबर २०३३.

सही: हार्लन टेवेट

साक्षीदार: मेबल ऑस्टरगार्ड
साक्षीदार: लाइल हॅस्किन्स. सगळं ऐकलं. माफ केलेलं नाही.