उपरण्याखालचा राघू

मुक्काम अमरावती, चैत्र शुद्ध षष्ठी, शके १७८६

व्याही राजश्री वामनराव यांस अकोल्याला खुशालराव याचा हात जोडून रामराम. आम्ही इकडे सारे बरे आहोत. तुमची खुशाली मात्र एकेकाची निराळी विचारतो, कारण मागच्या पत्रात तुम्ही "सर्व ठीक" एवढ्या दोन शब्दांत आख्खं घर उरकलं होतं. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (एरंडाचं पान खरंच बांधलं, की बांधतो बांधतो म्हणून राहिलात?) विहीणबाई पार्बताबाईंचा खोकला गेला काय? जावई शेषराव कापसाच्या गाड्यांमागे फिरून वाळले असं ऐकतो. वेळेवर जेवतात ना? तुमची कपिली गाय व्याली काय? आणि आमची शकुन. तिचं शेवटी विचारलं म्हणजे आठवण कमी येते असं समजू नये. दोन आखज्या, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्या, पोरीचा पाय माहेरच्या उंबऱ्याला लागला नाही. एका आखजीला तुमच्या गाड्या कापसात अडकल्या, दुसरीला तुमचा गुडघा. यंदा ती येणार असा मी तिच्या आईला, कौशल्येला, शब्द देऊन बसलो आहे, आणि ती रोज भाकरी वाढताना माझ्याकडे अशी बघते की मी दुसरी भाकरी मागतच नाही.

आता तुमच्या कामाचं. विहीणबाईंसाठी तुम्ही लहान राघूंची जोडी मागितली. कापसाच्या चढ्या भावानं सगळ्यांनाच हौस आली आहे. आमच्या शेजाऱ्यानं बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, त्या मानानं राघू बरे, निदान ते बोलतात तरी. तर सेमाडोहकडचा पुंजाराम पाखरं घेऊन आला. मी एक मादी आणि लाल डोक्याचा एक नर निवडला, नर ऐटबाज, नवरदेवासारखा. घरी आणून पाणी शिंपडलं तर नवरदेवाचं डोकं माझ्या धोतरावर उतरलं. कुंकू लावलं होतं लेकानं. पुंजारामला धरलं तर म्हणतो, "मालक, पिल्लाचं डोकं हिरवंच राह्यते, लाल व्हाले दोन वर्सं लागते. तुमाले घाई होती म्हून म्या आधीच करून देल्लं." यावरून शिका की डोकं बघून राघू घेऊ नये (व्याहीही). डोळा चकचकीत असावा, नाक कोरडं असावं, हातात घेतला की त्यानं भांडावं. गप्प बसणारा राघू शहाणा नसतो, आजारी असतो. खायला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ज्वारीचे दाणे, जांबाची (पेरूची) फोड, हिरवी मिरची. पण आपल्या ताटातलं खारट-तेलकट काही नाही, विहीणबाईंना कितीही माया आली तरी. पाणी दोनदा बदलावं, पिंजरा सावलीत टांगावा, आणि मांजर शेजाऱ्याचं असलं तरी आपलंच समजून लक्ष ठेवावं.

आणि पंख कापू नये. शिकवायचं तर वर कापड टाकून शिकवावं, अंधारात चित्त लागतं, असं पुंजाराम म्हणाला. इथंच माझा घात झाला. मांडीवर टोपली, टोपलीत ते पिल्लू, वर माझं उपरणं, आणि मी ओट्यावर बसून "शकुन, ये" घोकत होतो. (दुसरा शब्द सुचला नाही.) तेवढ्यात जानराव दलाल माझ्या कापसाचा सौदा करायला आला. आपल्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, आणि हात सुटेपर्यंत जो बोलला त्यानं सौदा मोडला. जानरावनं उपरणं पसरलेलं पाहिलं, त्याला वाटलं मी तयारीनंच बसलो आहे. शेजारी टेकला आणि हात आत घातला.

मी तोंड उघडणार, पण बोललो तर सौदा मोडला. तोही बोलेना. राघूनं त्याचं एक बोट धरलं. जानरावनं माझ्याकडे पाहिलं, माझे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, पण घाबरलेला माणूस हात मोजत नाही. त्यानं भाव वाढवला असावा, कारण राघूनं दुसरं बोट धरलं. ओट्याखाली चार माणसं जमली. जानरावच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण दलालाच्या अब्रूचा प्रश्न, हात काढेना. शेवटी म्हणाला, "खुशालराव, मान्य आहे सारं, पण सौद्याले येतानी नखं तरी काढत जा."

मी उपरणं उचललं. त्यानंतर ओट्यावर जे हसणं झालं ते तुमच्यापर्यंत ऐकू आलं असेल. कौशल्येनं त्याच्या बोटांना हळद लावली, मी पुन्हा माझ्या बोटांनी रीतसर सौदा केला, रास्त. पण माझा बेत बुडाला. जानराव आठ दिवसांत बायको माणिकबाईला घेऊन तिच्या माहेरी अकोल्याला जाणार होता. त्याच्या गाडीत राघू पाठवावे आणि परतताना माणिकबाईच्या सोबतीनं शकुनला आणावं, असं मी योजलं होतं. तो म्हणतो, "ते पाखरू ज्या गाडीत, त्या गाडीत मी नाही." तेव्हा आता तुम्हीच शेषराव आणि शकुनला आपल्या गाडीनं इकडे पाठवावं, ती राघू पसंत करील, हाही मार्ग आहे.

आपला,
खुशालराव

ता.क. माणसानं व्याह्याशी खोटं लिहू नये. जानराव दुसऱ्याच दिवशी हसत आला आणि राघू न्यायला कबूल झाला. पण त्याची गाडी सौद्यांसाठी दर आठ दिवसांनी अकोल्याला जाते, म्हणजे तिच्यातून शकुन आली तर आठ दिवसांनी तिच्यातूनच परत जाईल. तुमची गाडी आणील तर न्यायलाही तुमचीच यावी लागेल, आणि यंदा कापसातून गाडी मोकळी होणं किती कठीण, हे तुमच्याइतकं कोण जाणतं.

दुसरा ता.क. हे पत्र कौशल्येला वाचून दाखवलं. ती म्हणते, "पाखराचं एवढं लिवलं, अन् पोरीले पाठवा हे सरळ लिवाले काय जड जाते तुमाले?" म्हणून सरळ लिहितो. शकुनला पाठवा. राघू तुमचेच आहेत, नाही आवडले तरी पाठवा. होय की नाही ते हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबरच कळवा. कौशल्या वाट बघते, आणि ती बघते म्हणजे मलाही बघावीच लागते.