शिलाई मशीनच्या खणातला नकाशा

जाऊबाई,

आपला द्राक्षमळ्यांचा नकाशा सासूबाईंना सापडला. मशीनचा तो खण सहा वर्षांत आपल्या दोघींशिवाय कोणी उघडला नव्हता, नेमकं आजच त्यांना बटण हवं झालं. चार दिवस कुणाची हाक ऐकायची नाही, वाईन घेत मळ्यात नुसतं बसायचं, हा बेत मी कबूल केला नाही. पण त्याच म्हणाल्या, "वाईन तुम्ही प्या, मला द्राक्षं सोसतात. पुढच्या सीटवर मी बसेन."

मी घाबरवून पाहिलं, म्हटलं, तिथे दिवसभर चढ चढावा लागतो, गुडघे बोलायला लागतील.

"बरं झालं आधी सांगितलंस," म्हणाल्या.

कपडे वाळलेत, तेवढे काढा. सासूबाई पिशवी घेऊन दारात उभ्या आहेत. आम्ही चढाचे बूट आणायला निघालोय.

तुमची धाकटी