चैत्रातली तोडणी

प्रिय कौस्तुभ,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. बाटली ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलीस, त्यातलं शब्दकोडं आधीच सोडवलेलं होतं, तेही शाईने! हैदराबादेत मराठी कोडं किती दुर्मीळ, तुला काय कळणार? थोरल्या भावापुढे उष्टं कोडं ठेवणं कुठल्याच धर्मशास्त्रात बसत नाही. असो. क्षमा केली.

आता वाइनबद्दल. आमचा निखिल तुमच्या दिंडोरीहून परतला त्याच दिवशी जेवणानंतर आम्ही तिघांनी ती उघडली. काळसर लाल, काकवीसारखी दाट, आणि चव मनुका-अंजिराची. तुझी वहिनी खोकल्याचं औषधही त्यात अल्कोहोल नाही ना हे बघून घेते. तिने "एवढीशीच हं" म्हणत पुन्हापुन्हा पेला पुढे केला. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, काकाने कमाल केली. आता खुबानी का मीठा नक्को!" काव्यशास्त्रात द्राक्षापाक सांगितलाय, जिभेवर ठेवताच रस देणारा. वाइन तशीच आहे. तू मात्र नारळासारखा वागतोयस, फोडल्याशिवाय आतलं काही कळू द्यायचं नाही.

कारण मला संशय येतोय. बाटलीवर 'लेट हार्वेस्ट' छापलंय. तुझी बायको मृण्मयी फोनवर म्हणाली, "दादा, मुद्दामच घड वेलीवर सुकू दिले. गोड वाइन करायची होती ना." मुद्दाम? आपल्या मळ्यात? बाबांची रीत तूच चालवतोस. पहाटे ओळींतून फिरायचं, घड नाकाशी धरायचा, आणि वास पिकला की त्याच दिवशी कात्री. साखर मोजायचं यंत्र कपाटात टाकून तूच मला ऐकवलं होतंस, "यंत्राला नाक असतं का, दादा?" दरवर्षी माघातच तोडणी आटोपते. यंदा चैत्र उजाडला. तुमच्या उमाजीने निखिलला सांगितलं, की मालक रोज घड हुंगायचे आणि म्हणायचे, "अजून नाही, उमाजी. अजून वास सुटला नाही." द्राक्षं तोवर सुरकुतून गेली होती. शेवटी मृण्मयीने तुला न विचारता माणसं लावली, आणि जे हाती लागलं त्याची ही वाइन केली. शाबास तिची. पण मुद्दाम म्हणे!

मग मला श्रावण आठवला. तू इथे तारनाक्याला आला होतास आणि गॅसवर दूध करपलं. धुरावरून अग्नी ओळखावा, असं न्यायशास्त्र सांगतं. शेजारच्या रेड्डीबाईंनी तो भिंतीपलीकडून नुसत्या वासावर ओळखला आणि दार ठोठावलं. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून निवांत चहा पीत होतास. मी म्हटलं, "काय हो द्राक्षाचार्य, नाक मळ्यातच ठेवून आलात?" तू हसलास खरा, पण जरा उशिरा. तेव्हापासून फोन केला की मृण्मयीच उचलते. भर दुपारी तू म्हणे मळ्यात असतोस.

कौस्तुभ, आता थट्टा पुरे. बाबांना आधी मोगऱ्याचा वास येईनासा झाला होता. आपण हसलो होतो. मग ते बाजारातून घरी यायची वाट चुकू लागले, आणि मग एक दिवस मला त्यांनी विचारलं, "आपण कोण?" तुझं कदाचित साधं सर्दीचं दुखणं असेल, देव करो आणि तसंच निघो. पण तू ते आमच्यापासून लपवतोयस, म्हणजे तुझ्याही मनात तेच आलंय. मी शनिवारी येतोय. आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. मला फार भीती वाटतेय रे.

तुझाच,
दादा