पावत्यांच्या पाठीवरची कथा

दि. ४ मार्च, सोमवार

प्रिय बडबडे,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण ऑफिसचे तीन जिने अजून चढतो. तुमच्या इस्पितळाच्या लाँड्रीत नवी यंत्रं आली, असं मावशीच्या फोनवरून कळलं. जुन्यांशी तू भांडायचीस, तशी या नव्यांशीही जुंपली असेलच.

वर्षभरात तुझा शब्द नाही, अशी तक्रार करायला मला तोंड नाही. शेवटचं पत्र तुझंच होतं. उत्तर मी दिलं नाही.

सोबत आमच्या मासिकाचा अंक आहे. पान एकतीस उघड, पण आधी कुठेतरी नीट टेकून बस.

हो, ते नाव तुझंच आहे.

आता आरडाओरडा करून झाला असेल तर पुढे वाच. बाबांना जाऊन महिना होत आला तेव्हा तुझं ते पत्र आलं. लाँड्रीच्या पावत्यांच्या पाठीवर लिहिलेलं, एकूण बावीस पावत्या. पाकीट फुगून गलेलठ्ठ झालेलं. माझी खोड तुला माहीत आहे. तुझ्या पत्रांवर लाल पेन्सिल फिरवून ती तुला परत पाठवणारा असा आगाऊ भाऊ दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला नसेल. याही वेळी पेन्सिलीला टोक काढून बसलो. तिसऱ्या पावतीवर पेन्सिल खाली ठेवली, ती कुठे घरंगळली ते अजून सापडलेलं नाही.

पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कथांची प्रूफं तपासतोय. नावाजलेल्या लोकांची वाक्यं वाचून वाचून डोळ्यांचा नंबर वाढला. पण आजारी माणसाच्या अंगाखालची चादर त्याला न उठवता कशी बदलायची, हे तू ज्या पद्धतीने लिहिलंस, तसं मी कुठे वाचलेलं नाही. आधी एका कुशीवर, मग अर्धी गुंडाळी, मग दुसऱ्या कुशीवर. त्यात बाबांचं वजन रोज थोडं कमी होत गेलेलं तुझ्या हातांना कळतं. रडल्याचा उल्लेख नाही, हुंदका नाही. मी मात्र ऑफिसच्या जिन्यात उभा राहून रडलो. बडबडे, तू लेखिका आहेस गं. घरात कोणालाच कळलं नाही, आणि ज्याचा धंदाच हा, त्यालाही नाही.

आठ-नऊ महिने पाकीट कपाटात होतं. अधूनमधून काढायचो, वाचायचो, परत ठेवायचो. मग गेल्या नोव्हेंबरात मी ते स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. वरचं "प्रिय दादा" गाळलं आणि संपादकबाईंच्या टेबलावर ठेवलं. कोणाचं, काय, सांगितलं नाही.

दोन दिवसांनी त्यांनी बोलावलं.

"ही पलंगाजवळची खुर्ची कोणासाठी आहे हो?"

"कुठली खुर्ची?"

"अहो, म्हातारा कोणाला बसू देत नाही ती! डॉक्टर येतो, त्याला स्टूल. शेजारी येतो, तो उभा. वाट कोणाची बघताहेत?"

"असेल कोणीतरी."

"ही बाई 'असेल कोणीतरी' म्हणून लिहिणारी नाही. एक शब्द उगाच टाकत नाही ती. इथे कोणीतरी कात्री चालवलेली आहे."

माझ्या हाताखालून स्वल्पविराम सुटत नाही असा माझा तोरा. चार पावत्या अख्ख्या गाळल्या आणि खुर्ची राहून गेली!

त्या चार पावत्या कुठल्या, ते तुला सांगायला नको. दादा विशेषांकात अडकलाय, असं तू बाबांना रोज सांगत होतीस, त्या. आज कागद आला नाही, आज छपाईचं यंत्र बंद पडलं, अशी रोज नवी भर. आणि बाबांचं, "मोठं काम आहे पोराचं." आणि अकराव्या दिवशी ते तुला म्हणाले, "तूच बस आता तिथे." तिथे तुझं पत्र संपतं.

तुझ्या कथेचा शेवट मी खिशात घालून हिंडत होतो. दुसऱ्या दिवशी तो बाईंना नेऊन दिला. उतरवून काढायचा धीर नव्हता, म्हणून मूळ पावत्याच दिल्या. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

"तुम्हीच का?"

"हो."

"छापायचं?"

"छापा."

"लेखिकेला विचारलंय?"

हो म्हणालो. धडधडीत खोटं. तुला विचारायचं तर आधी तुझ्या पत्राला उत्तर द्यावं लागलं असतं.

एक गंमत सांगतो. आमच्या टाईप करणाऱ्या मुलीने त्या चार पावत्या दोन्ही बाजूंनी टाईप केल्या. बाबा खुर्चीकडे बघताहेत आणि मध्येच "चादरी बेचाळीस, फाटक्या तीन." मी काट मारायला गेलो तर बाईंनी माझा हात धरला. "राहू द्या. तिच्या हातचं आहे." वाचकांची नऊ पत्रं आली, त्यातल्या चौघांना तीच ओळ आवडलीय. बोल आता!

ऑफिसात सगळ्यांना कळलंय तो भाऊ कोण. चहा आणून देतात फक्त.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. तुझा अंक पाठवायला टपाल बघणाऱ्या काकांकडे गेलो. पत्ता सांगू लागलो तर म्हणाले, "आहे की माझ्याकडे." आणि जावक वही उलटी फिरवून दाखवली. गेल्या वर्षीचा विशेषांक, ९ जानेवारी, तुझा पत्ता, अक्षर माझं.

'ये' म्हणून तू मला फोन केलास दहा तारखेला. अंकाचं काम आहे म्हणालो तेव्हा अंक छापून, बांधून, टपालात पडलेला होता. काम नव्हतं. मला भीती वाटली. आई गेली तेव्हा तू लहान होतीस, त्या खोलीत मी होतो. पुन्हा तसं बघायला माझे पाय उचलले नाहीत. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

टपाल तीन दिवसांत पोचतं. म्हणजे बारा तारखेला अंक तुझ्या हातात होता. बाबा एकवीसला गेले. नऊ दिवस तू तो छापलेला अंक घरात कुठेतरी दडवून ठेवलास आणि बाबांना सांगत राहिलीस की यंत्र बंद पडलंय. बावीस पावत्यांत त्याचा एक शब्द नाही. तुझं लिहिणं थोर वाटलं होतं. हे न लिहिणं कळल्यापासून मी तीन दिवस झोपलेलो नाही.

रागाव. बाईंना कळव की मी तुला विचारलं नव्हतं. त्यांचा पत्ता अंकावर आहे. त्या तुझ्याकडे दुसरी कथा मागताहेत. लिहिलीस तर त्यात तो अंक घरी आला होता, हे लिही. मी एक अक्षर गाळणार नाही.

सगळं माहीत असूनही तू ज्याला "प्रिय" लिहिलंस, तो
दादा